चिन्नोरच्या कोठीतली रॅम

अल्का रामटेकेच्या लॅपटॉपची रॅम मी धुतली. धुतली म्हणजे चुकून दोन थेंब उडाले असं नाही. साबणाची पावडर टाकून, मशीनमध्ये गरगर फिरवून, पिळून काढली. ती माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात होती आणि शर्ट मी स्वतःच्या हातानं मशीनमध्ये टाकला होता. गच्चीवर तारेवर घालण्याआधी शर्ट झटकला, तेव्हा छातीपाशी काहीतरी टणक लागलं. खिशात हात घातला आणि वैशाखाच्या उन्हात उभ्या उभ्या मला थंडी वाजली.

निवृत्त झाल्यापासून कपडे धुण्याचं खातं माझ्याकडे आहे. मी पाटबंधाऱ्यात होतो, तेव्हा पाण्याचं काम यांनाच जमेल, असं म्हणून फुलवंतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते माझ्याकडे सोपवलं. खातं मी चोख चालवतो. बाकीच्यांचे खिसे असे तपासतो की नाक्यावरच्या पोलिसानं येऊन शिकावं. स्वतःच्या खिशावर मात्र माझा विश्वास होता.

आता कुणी विचारेल की दुसऱ्याच्या लॅपटॉपचा अवयव माझ्या खिशात काय करत होता. तर नमुना म्हणून होता. आमच्याकडे कुठलाही सुटा भाग आणायचा तर जुना काढून सोबत न्यायचा. कुकरची रिंग न्यायची, नळाचा वायसर न्यायचा, मोटारपंपाचं बेअरिंग रुमालात बांधून न्यायचं. दुकानदार ते हातात घेतो, त्यावर फुंकर मारतो, आत जातो आणि जोडीदार घेऊन बाहेर येतो. नंबर, कंपनी असल्या गोष्टींवर आम्ही जात नाही. एकदा मिक्सरच्या भांड्याखालचं दातेरी चाक मी नुसत्या तोंडी वर्णनावर आणायला गेलो होतो, ‘काळं, गोल, असं असं’ म्हणत. तेव्हापासून आमच्या घरी वेगवेगळ्या मिक्सरांची चाकं भरपूर आहेत आणि मिक्सर बंद आहे.

म्हणून अल्कानं जेव्हा सांगितलं की बाजारात चाललाच आहात तर माझ्या लॅपटॉपसाठी एक रॅम बघून या, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “नमुना?”

“फोटो पाठवला ना तुमाले, काका. पट्टीवर सारं लिवलं आहे. तोच दाखवा दुकानात.”

“फोटो नाही चालत. नमुना दे.”

“एकच पट्टी आहे आतमंदी. ते काढली तं लॅपटॉप चालूच होत नाही.”

“घंट्याभराचा तर प्रश्न. गेलो आणि आलो.”

तिच्यासमोर नेहमीप्रमाणे लोक बसले होते. त्यातले पतिराम, आमच्या कुडवा गावाच्या त्या टोकाला राहणारे म्हातारबा, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन माझ्या बाजूनं बोलले. “दे ना वो बाई नमुना. नमुन्याबिगर कोनी काई देत असते का?” बाकीच्यांनी माना हलवल्या. एवढ्या बहुमतापुढे अल्काचं काय चालणार. तिनं लॅपटॉप पालथा केला, मागचं झाकण उघडलं, दोन बाजूंचे चाप बोटांनी दूर केले आणि बोटभर लांबीची हिरवी पट्टी वर उठली. एका कडेला सोनेरी दात, मध्ये एक खाच. कागदात गुंडाळून तिनं ती माझ्या हातात दिली.

“खिशात ठेवा,” ती म्हणाली, “अन खिशातच राहू द्या.”

तिचं हे सांगणं मी तंतोतंत पाळलं. दुकान बंद होतं, मालक कुणाच्या तरी वरातीत गेला होता, मी घामानं निथळत घरी परतलो आणि शर्ट काढून टाकला. पुढचं सांगितलंच आहे.

*

अल्काचं घर आमच्या घराच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता, तोही असा की दोन मोटारसायकली आल्या तर एकीनं माघार घ्यावी. घराची पुढची खोली म्हणजे तिचं ऑनलाइन सेंटर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली तिचे वडील भोजराज यांचा, खाली टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि प्रिंटर. भोजराज रेल्वेत होते. मुलीला पदवीपर्यंत शिकवलं, वर लायब्ररीचा कोर्स करवला. नोकरी लागेपर्यंत तात्पुरतं काहीतरी म्हणून त्यांनीच हे सेंटर घालून दिलं आणि दारावरची पत्र्याची पाटी स्वतः रंगवली. भोजराज गेले, पाटीचा रंग गेला. तात्पुरतं तेवढं राहिलं.

आता अल्का पस्तिशीच्या आसपास आहे आणि सगळा कुडवा तिच्या टेबलावरून जातो. आमचे ऋतू वेगळेच आहेत. शाळा उघडल्या की दाखल्यांचा ऋतू, मग शिष्यवृत्तीचा, मग धानाच्या नोंदणीचा, मग पेन्शनवाल्यांच्या हयातीचा. त्या शेवटच्या ऋतूत मी स्वतः जाऊन तिच्यासमोर बसतो आणि जिवंत असल्याचं यंत्रावर बोट ठेवून सिद्ध करतो. माझं बोट यंत्राला पटत नाही. अल्का म्हणते, “काका, पुसा.” मी पुसतो. “आणखी पुसा.” शेवटी ती माझं बोट स्वतःच्या ओढणीनं खसाखसा पुसते आणि मी जिवंत होतो.

ती हसून बोलते, गोड बोलते, असा आरोप तिच्यावर कुणी करणार नाही. “हा फोटो तुमचा आहे का तुमच्या भावाचा?” असं ती तोंडावर विचारते. पण नाही म्हणत नाही. कोणालाच नाही. जेवणाचं ताट समोर असलं तरी आलेल्या माणसाचा कागद एका हातानं घेते. मागे देवरीला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. दोन दिवस सेंटर बंद, अशी चिठ्ठी तिनं दाराला लावली. पतिरामांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली, ‘देवरी’ एवढा शब्द ध्यानात ठेवला आणि बसमध्ये बसून लग्नात हजर झाले. पंगतीत जेवले, वधूवरांवर अक्षता टाकल्या, आणि मग पिशवीतून आधारकार्ड काढलं. अल्कानं मांडवाच्या खांबाला टेकून, मेंदीच्या बोटांनी, मोबाइलवर त्यांचं काम केलं. लग्नाच्या फोटोत ते वऱ्हाडी म्हणून आलेत. अजून तिच्या मावशीला कळलेलं नाही की हे पाहुणे कोणत्या बाजूचे.

ही अल्का एक दिवस मला म्हणाली, “काका, मी नागपूरले जाऊन राहिली.”

“कधी येशील परत?”

“परत कायले येतो? नोकरी म्हणते मी.”

विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासणारी एक कंपनी होती. कार्यालय नागपुरात, मुलींसाठी राहायची सोय जवळच. परीक्षा मात्र घरूनच द्यायची, आपापल्या लॅपटॉपवर, कॅमेऱ्यासमोर. त्याआधी कंपनीचा एक प्रोग्राम लॅपटॉपची तपासणी करायचा. त्यानं अल्काच्या लॅपटॉपला नापास केलं होतं. रॅम चार जीबी, पाहिजे आठ.

रॅम म्हणजे काय, हे मी तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, “काकूचा ओटा कसा आहे? सामान कोठीत राहते, पण रांधाले ओट्यावरच घ्या लागते ना. माह्या ओटा लहान आहे. एक भांडं ठेवलं का दुसरं उचला लागते.” मग लॅपटॉपकडे बघून म्हणाली, “परीक्षा येत्या रविवारी आहे. हे एकच राहिली काका. यापुढं वयात नाही बसत मी.”

हे सगळं मला ठाऊक असताना मी तिची होती ती चारचीही रॅम धुतली होती.

*

रस्ता ओलांडून गेलो. अल्का बंद लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिच्यासमोर लोक बसले होते. लॅपटॉप बंद आहे, हे तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी “असं का” म्हणून पुन्हा टेकून बसून घेतलं होतं. चालू होईलच की.

“धुतली,” मी म्हणालो.

“काय धुतली?”

“रॅम.”

मी पुढे केलेल्या पट्टीला तिनं बोट लावून बघितलं. मग विचारलं, “साबन लावला का?”

“पावडर.”

मागून पतिराम म्हणाले, “मंग मळ तं निघाला असंन.”

अल्काची आई सुमनबाई आतून आल्या. त्यांनी माझ्या तळहातावरची पट्टी बघितली आणि जे आमच्या गोंदियात कुठल्याही भिजल्या वस्तूला प्रथम सुचतं ते बोलल्या, “तांदळात घाला.” तोवर माझ्यामागून फुलवंता आली होती. ती म्हणाली, तांदूळ नवा नको, जुना कोरडा पाहिजे. सुमनबाई म्हणाल्या, जुना आमच्याकडे फक्त चिन्नोर आहे. फुलवंता म्हणाली, चिन्नोर कशाला, वासाचा तांदूळ वाया, साधा जाडा बरा, जाडा ओल जास्त ओढतो. यावर समोर बसलेल्या मंडळींत दोन पक्ष पडले. शेवटी सुमनबाईंनी कोठीचं झाकण उघडलं आणि लॅपटॉपची रॅम पाहुण्यारावळ्यांसाठी राखून ठेवलेल्या चिन्नोरमध्ये कोपरापर्यंत हात घालून पुरली.

अल्का या सगळ्याकडे बघत होती. एवढंच म्हणाली, “जेवाले बसू नोका आता कोनी.”

मी निघालो तर सुमनबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “भाऊजी, बेस केलं तुमी.”

“काय केलं?”

“तेच. पोरगी जाऊन राहिली होती. आता कशी जाते? मी एकटी मानूस इथं काय करू? तिले मी काई म्हनू शकत नाही. तुमी तं बोलल्याबिगरच करून टाकलं.”

आणि दुपारी त्यांनी माझ्यासाठी पेलाभर चहा पाठवला, दुप्पट साखरेचा.

माझ्या आयुष्यात इतका कडू चहा मी प्यालो नाही. कारण पिताना मलाही आठवलं की माझ्या गॅसच्या जोडणीचं नाव बदलायचं काम तिच्याकडेच अडकलंय, रेल्वेचं तिकीट तीच काढते आणि माझं बोट पुसणारं गावात दुसरं कुणी नाही. ज्याला त्याला तिची माया, आणि त्या सगळ्या मायेचा मिळून एक पिंजरा झालेला. त्याची कडी नेमकी माझ्या हातून लागली होती.

त्यानंतर मी घरात अडकलो. फाटक उघडलं की समोर अल्काचं दार आणि दारात लोक. “का गा बिसेन, धुतली म्हनते?” भाजीवाला विचारायचा, दूधवाला विचारायचा. एकानं स्वतःच्या मुलाचा मोबाइलही धुऊन मिळेल का, असं विचारलं. फुलवंता रागावली की पोवारीत, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, शिरते. त्या आठवड्यात ती पोवारीतून बाहेरच आली नाही.

*

पहिली रॅम मी धुतली त्याच दिवशी संध्याकाळी धावत जाऊन, नाक्याजवळच्या एका दुकानातून फोटो दाखवून आणली. लांबी तीच, रंग तोच, दात सोनेरी. अल्कानं ती खाचेशी धरली आणि परत दिली.

“बसत नाही.”

“जरा दाब ना.”

“काका, दाबून बसत नसते हे. खाच पाहा. आपली इकडं, हिची तिकडं. ही नव्या पिढीची आहे. लॅपटॉप जुन्या पिढीचा.”

दुसरी आणली ती खाच बघून. यावेळी अल्कानंही मोबाइलवर पट्टीचा फोटो मागवून होकार दिला. ती बसली. चाप कट्‌कन लागले. सगळ्या दिवाणखान्यानं, म्हणजे पतिराम आणि मंडळींनी, श्वास सोडला. अल्कानं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुरघुरला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं. पुन्हा काळाच.

अल्कानं पट्टी काढून उजेडात धरली, मोबाइलवर वाचत बसली आणि मग कपाळावर हात मारला. “माझंबी लक्ष नाही गेलं. ही जास्त दाबाच्या विजेवर चालते. याले कमी दाबाची लागते. दिसाले दोघी सारख्याच.”

“बसली तर आहे.”

“बसली. पटून नाही राहिलं.”

माझ्यामागे उभ्या असलेल्या फुलवंतानं यावर माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती आत सुमनबाईंकडे गेली.

शुक्रवार उजाडला. परीक्षा रविवारी. वरातीतून परतलेल्या गुलशनचं दुकान एकदाचं उघडलं. यावेळी मी नमुना म्हणून आख्खा लॅपटॉप घेतला आणि मालकीणही. अल्का माझ्या स्कूटरवर मागे बसली, लॅपटॉप पोटाशी धरून. कुडव्यातून बाजारात जाईपर्यंत तिघांनी हात करून थांबवलं. एकाला विचारायचं होतं, सेंटर आज उघडं आहे का. अल्का स्कूटरवरून म्हणाली, “मी इथं आहो तं तिथं कोन असंन?” तो म्हणाला, “मंग मी बसतो तिथं जाऊन.”

गुलशन हिंदीत बोलणारा, सावकाश माणूस. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, लॅपटॉपचा नंबर बघितला.

“दीदी, ये वाली अब नई नहीं आती. रायपुर में एक दोस्त के पास है, कल सवेरे गाड़ी से मंगवा देता हूँ. कितने की लगाओगे?”

“एक आठ की,” अल्का म्हणाली. “आठच पाहिजे.”

“एक आठ से चल जाएगा. पर दो जगह है अंदर. एक जैसी जोड़ी डालोगे तो मक्खन चलेगा.”

“नाही, आठ बस झाली.”

इथं मी तोंड उघडलं. गेले चार दिवस ज्याला कुणी काही बोलू देत नव्हतं, त्या माणसाला कुठंतरी भरपाई करायची असते. “जोडी मागवा,” मी म्हणालो. “दोन्ही आठ-आठच्या.”

“काऊन पन, काका? परीक्षेले आठच लागते.”

“कमी पडायला नको. ऐन वेळी प्रोग्राम म्हणाला, आणखी पाहिजे, तर?”

“तो आठच म्हनते.”

“धुतली कोणी?” मी म्हणालो. “मग मी आणीन तशी घ्यायची.”

अल्का माझ्याकडे बघत राहिली. मग बाहेर रस्त्याकडे बघू लागली. ती नाही म्हणत नाही, हे मी सांगितलंच आहे.

शनिवारी जोडी आली. दोन्ही पट्ट्या सख्ख्या बहिणींसारख्या. एकीचा चाप लागला, दुसरीचा लागला, बटण दाबलं आणि पडदा असा झपकन उजळला की पतिराम दचकून मागे सरकले. कंपनीच्या प्रोग्रामनं तपासणी केली. एकेक ओळ हिरवी होत गेली. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, ओळीपुढे तर त्यानं एक चांदणी काढली.

“ही चांदनी कायची?” अल्का म्हणाली.

“शाबासकी असेल,” मी म्हणालो.

त्या आनंदात सुमनबाईंनी कोठीतून जुनी रॅमही काढली. अल्कानं ब्रशनं दात साफ केले आणि सहज म्हणून लावून बघितली. धुतलेली, पिळलेली, पाच दिवस चिन्नोरमध्ये झोपलेली ती पट्टी पहिल्या झटक्यात चालू झाली. मग पुन्हा जोडी आत गेली आणि जुनी ड्रॉवरमध्ये. अजून ड्रॉवर उघडला की भाताचा वास येतो.

*

परीक्षेची अट अशी होती की खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, दुसरा आवाज येता कामा नये. दिसला चेहरा की परीक्षा बंद. ज्या खोलीत इतक्या वर्षांत एकटं असं कुणी बसलंच नव्हतं, तिथं हे कसं जमायचं? मी सकाळीच खुर्ची घेऊन तिच्या दारात बसलो, पाठ दाराला लावून. ऊन सरकत माझ्या गुडघ्यापर्यंत आलं, मग पोटापर्यंत. उठता येत नव्हतं, कारण मी उठलो की दार सुटं. सुमनबाई स्वयंपाकघरात कोंडल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी फोडणीसुद्धा घातली नाही, आवाज होतो म्हणून. पोरगी जाऊ नये असं मनात, आणि पोरीची परीक्षा बिघडू नये म्हणून कढई थंड.

पतिराम आलेच.

“अल्का आहे का?”

मी ओठांवर बोट ठेवलं.

ते माझ्या कानाशी वाकले. “मेली का कोनी?”

“परीक्षा.”

“कोनाची?”

“अल्काची.”

ते चकित झाले. अल्का सगळ्यांच्या परीक्षांचे फॉर्म भरते, तिची स्वतःची परीक्षा असते हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर उकिडवे बसले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “पास झाली तं जाईन का ते?”

“हो.”

“नापास झाली तं?”

“राहील.”

त्यांनी बराच विचार केला. मग पिशवीतला टॉवेल काढून डोक्यावर घेतला आणि दाराकडे येणाऱ्या दुसऱ्या माणसाला स्वतःच हात करून परत पाठवलं. त्यानंतर आलेल्यांनाही. माझ्यापेक्षा त्यांनीच दार जास्त राखलं.

अल्का बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आम्हा दोघांकडे बघितलं. पतिरामांना म्हणाली, “द्या तुमचा कागद.”

*

ती पास झाली. मुलाखतही फोनवर झाली. सुमनबाईंनी रडून घेतलं, मग उठून लोणच्याची बरणी बांधायला घेतली. अल्कानं बॅग काढली. मी तिला म्हणालो की नागपूरला माझा भाचा आहे, स्टेशनवर घ्यायला येईल. ती चक्क हो म्हणाली. जायच्या तयारीच्या त्या चार दिवसांत तिला मी पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं, कपडे घडी घालताना, खिडकीतून.

रुजू व्हायच्या आधी कंपनीतून फोन आला. मी तिथंच होतो, गॅसचं काम ती जाण्याआधी उरकून घ्यायला. अल्का टायपिंग करत होती म्हणून तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“अल्का मैम? कॉन्ग्रैच्युलेशन्स. आपको वर्क फ्रॉम होम मिला है.”

अल्काची बोटं थांबली. “मैडम, मैंने तो नागपुर ऑफिस लिखा था.”

“हाँ मैम, लेकिन ऑफिस में सीटें कम हैं. जिनका सिस्टम कमजोर है, सिर्फ उनको ऑफिस बुला रहे हैं, वहाँ कंपनी का कंप्यूटर मिलेगा. जिनके आठ जीबी हैं वो सब नागपुर आ रहे हैं. आपका तो सोलह है मैम. रिपोर्ट में स्टार लगा हुआ है. बहुत अच्छा सिस्टम है आपका.”

“मैडम, मैं एक निकाल देती हूँ,” अल्का म्हणाली. मी तिला इतक्या घाईनं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “आठ कर देती हूँ. मेरे पास चार वाली भी है. वो लगा दूँ?”

पलीकडची मुलगी हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. “अरे मैम, लोग बढ़ाने के लिए पूछते हैं. रिपोर्ट तो फाइनल हो गई. सोमवार से लॉगिन कीजिए. घर बैठे नौकरी, और क्या चाहिए?”

फोन बंद झाला. आतून बरणी खाली ठेवल्याचा आवाज आला. सुमनबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्या असत्या तर चेहरा लपवावा लागला असता, आणि तो कुठला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता सोमवारपासून शुक्रवारपर्यंत अल्का कानाला हेडफोन लावून त्याच खुर्चीवर बसते. तेच टेबल, तोच पंखा. दाराला तिनं एक पडदा लावलाय. पडद्याबाहेर माणसं बसलेली असतात. ती मधे जरा हेडफोन काढते, तेवढ्यात कागद पडद्याखालून आत सरकतो. पतिराम तर म्हणतात की आता बरं आहे, आता ही लग्नालासुद्धा जात नाही. लॅपटॉप मात्र मक्खन चालतो. एका बाजूला कंपनीचं काम, दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्तीचा अर्ज, तिसरीकडे माझं तिकीट. ओटा मोठा झाला, तसं सगळ्यांनी आपापलं भांडं आणून ठेवलं.

परवा मी गेलो. बोट पुसून घ्यायचं होतं. सुमनबाईंनी चिन्नोरचा भात आणि वरण दिलं, आग्रह करून वाढलं. अल्का घास हातात धरून पडद्याकडे बघत होती. बॅग अजून कपाटावर होती, तिच्या पट्ट्याला नागपूरच्या गाडीच्या तिकिटाचा कागद तसाच अडकवलेला. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पोट भरलं होतं, बोट जिवंत ठरलं होतं, गॅसचं नाव बदललं होतं.

“जाऊ दे अल्का,” मी म्हणालो. “नोकरी लागली, घरही सुटलं नाही. एका अर्थी बरंच झालं.”

तिनं हेडफोन उचलला, कानाला लावायच्या आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “बरं तुमचं झालं, काका.”